पाहणाऱ्याची परीक्षा

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत स्तन-तपासणीच्या प्रतिमा वाचणाऱ्या प्रत्येकाने वर्षाला किमान ५,००० स्त्रियांची मॅमोग्राफी वाचावी, असा दंडक आहे. प्रत्येक स्त्रीच्या चार प्रतिमा असतात, दर स्तनाच्या दोन: एक वरून घेतलेली, एक तिरकी. पाच हजार हा आकडा मोठा वाटतो, पण त्याच्या पोटात एक लहान आकडा दडलेला आहे. या स्त्रिया काही त्रास होतो म्हणून आलेल्या नसतात. पन्नाशी गाठली की दर तीन वर्षांनी त्यांना बोलावणे जाते आणि त्या येतात. त्यांच्यातल्या हजारी आठ-नऊ जणींना कॅन्सर निघतो. म्हणजे वर्षभर मान मोडून पाच हजार जणींच्या प्रतिमा वाचल्या, तर खरे कॅन्सर चाळीसेक. अमेरिकेत १९९२च्या कायद्यानुसार दोन वर्षांत ९६० मॅमोग्राफी वाचल्या की अट पुरी होते. तिथे हजारी पाचच्या आसपास कॅन्सर सापडतात. तेव्हा किमान अटीवर काम करणाऱ्या डॉक्टरसमोर वर्षाला कॅन्सरच्या दोन-तीनच केसेस येणार.

दोन-तीन केसेसवर कोणाचा डोळा तयार होतो? आणि जो एकदा तयार झाला, तो इतक्यावर टिकतो का?

डॉक्टरकी अनुभवाने पिकते, ही आपली जुनी श्रद्धा आहे. पिकलेल्या केसांच्या डॉक्टरवर आपण अधिक विश्वास टाकतो आणि बऱ्याच शाखांत ते बरोबरही आहे. शल्यविशारदाचा टाका सैल पडला, तर रुग्ण दोन दिवसांत ते दाखवून देतो. फिजिशियनचे औषध लागू पडले नाही, तर ताप उतरत नाही. अनुभव शिकवतो, कारण तो उलटून बोलतो. मॅमोग्राफी वाचणाऱ्याच्या बाबतीत मात्र अनुभव एकाच बाजूने बोलतो. एखाद्या स्त्रीला शंकेपोटी पुन्हा बोलावले, तर जास्तीच्या प्रतिमा, सोनोग्राफी, गरज पडल्यास बायोप्सी होते आणि थोड्याच दिवसांत उत्तर मिळते: शंका खरी होती किंवा उगाच होती. पण ज्या प्रतिमेवर ‘काही नाही’ असा शेरा मारला, तिचे उत्तर यायला वर्ष, दोन वर्षे, कधी तीन वर्षे लागतात. तोवर ती स्त्री दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या डॉक्टरकडे, गाठ हाताला लागल्यावर गेलेली असते. वाचणाऱ्याला ते कळेलच असे नाही. म्हणजे उगाच घाबरवल्याची चूक लगेच कळते आणि कॅन्सर सुटल्याची चूक गप्प राहते. अशा कामात वीस वर्षांचा अनुभव हे एकाच वर्षाची वीस वेळा झालेली पुनरावृत्तीही असू शकते.

म्हणूनच माझे म्हणणे असे आहे: प्रतिमा वाचणाऱ्या डॉक्टरची परीक्षा पदवीच्या वेळी एकदा घेऊन भागत नाही. ती आयुष्यभर, ठरावीक अंतराने व्हायला हवी. तीत प्रत्येक केसचे खरे उत्तर परीक्षा घेणाऱ्याला आधीच ठाऊक असायला हवे आणि डॉक्टरने आपले मत नोंदवले की ते त्याला तिथल्या तिथे कळायला हवे. हा डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे. त्यांच्या कामाने त्यांना जे नाकारले आहे, ते त्यांना परत देण्याचा हा मार्ग आहे.

डॉक्टरांचे डोळे एकमेकांशी जुळत नाहीत, हे वैद्यकाला फार उशिरा कळले असेही नाही. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जेकब येरुशाल्मी आणि रेडिओलॉजिस्ट हेन्री गारलंड यांनी क्षयासाठी काढलेल्या छातीच्या फिल्म्स अनेक तज्ज्ञांना वाचायला दिल्या. तज्ज्ञांचे आपसात पटेना. इतकेच नव्हे, तीच फिल्म काही दिवसांनी पुन्हा दिली तर त्याच तज्ज्ञाचे स्वतःशीही पटेना. मॅमोग्राफीबाबत जोअॅन एलमोर यांनी १९९४ साली हेच दाखवले. १० रेडिओलॉजिस्टना त्याच १५० स्त्रियांच्या प्रतिमा दिल्या. ज्यांना खरोखर कॅन्सर होता, त्यांच्यापैकी पुढच्या तपासणीला लगेच पाठवाव्यात अशा स्त्रियांचे प्रमाण कोणाच्या मते शंभरात ७४ होते, तर कोणाच्या मते ९६. ज्यांना कॅन्सर नव्हता, त्यांच्या बाबतीत ते ११ पासून ६५ पर्यंत पसरले होते. म्हणजे निरोगी स्त्रीला सुई टोचून घ्यायची वेळ येईल की नाही, हे तिच्या स्तनाइतकेच त्या दिवशी समोर बसलेल्या डॉक्टरवर अवलंबून होते.

याचे उत्तर ब्रिटनने ज्या तऱ्हेने शोधले, ते मला शिकण्यासारखे वाटते. सर पॅट्रिक फॉरेस्ट यांच्या समितीचा अहवाल १९८६ साली आला आणि १९८८ मध्ये देशव्यापी स्तन-तपासणी सुरू झाली. एकाएकी शेकडो वाचक लागणार होते आणि ज्यांनी आयुष्यात थोड्याच मॅमोग्राफी पाहिल्या होत्या, त्यांच्यावर लाखो निरोगी स्त्रियांचा भार पडणार होता. तेव्हा अॅलिस्टर गेल या दृष्टिसंशोधकाच्या पुढाकाराने १९९१ पासून ‘परफॉर्म्स’ नावाची योजना आकाराला आली. तिचे स्वरूप साधे आहे. निवडलेल्या, अवघड केसेसचा संच वाचकांपुढे ठेवायचा. प्रत्येक केसचा निकाल पक्का ठाऊक असतो: कॅन्सर असेल तर बायोप्सीने सिद्ध झालेला, नसेल तर पुढच्या वर्षांच्या तपासणीतही काही निघाले नाही अशी खात्री झालेला. वाचकाने संशयाची जागा दाखवायची, ती कशा प्रकारची आहे आणि स्त्रीला परत बोलवायचे की नाही ते नोंदवायचे. सुरुवातीला खऱ्याखुऱ्या फिल्म्सचे संच एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात फिरत. आता ते संगणकावर येतात, साठ-साठ केसेसचे, वर्षातून दोनदा.

या परीक्षेत पास-नापासापेक्षा जास्त मोलाची गोष्ट असते ती चुकांची जात. एखाद्या डॉक्टरला चुन्याच्या बारीक कणांचे झुबके नेमके दिसतात, पण ऊतींची घडी हलकेच आत ओढली गेलेली दिसत नाही. दुसऱ्याला कडा काटेरी असलेली गाठ सुटत नाही, पण एका स्तनात असलेली आणि दुसऱ्यात नसलेली पुसट पांढुरकी छटा सुटते. तिसरा सगळ्यांनाच परत बोलावतो. त्याच्या हातून कॅन्सर निसटत नाही, पण निरोगी बायकांच्या झोपा उडतात. हे तिघे आपापल्या खोलीत वर्षानुवर्षे काम करत राहिले असते आणि त्यांना स्वतःचा हा कल कधी कळला नसता. गुण गोपनीय असतात. वाचकाला आपला निकाल आणि इतर सर्वांच्या तुलनेत आपली जागा कळते. कोणी फारच मागे पडत असेल, तर त्याच्याशी बोलणे होते आणि मदत ठरते.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण ‘नीट लक्ष देऊन बघा’ हा सल्ला आपण सहज देतो. हॅरॉल्ड कुंडेल आणि कॅल्विन नोडीन यांनी वाचकांच्या नजरेचा माग घेणारी उपकरणे लावून अनेक वर्षे अभ्यास केला. सुटलेल्या जागेकडे नजर गेलीच नाही, असे काही वेळा घडते. पण पुष्कळदा नजर त्या जागेवर गेलेली असते, तिथे रेंगाळलेली असते आणि तरीही डॉक्टर ‘काही नाही’ म्हणून पुढे सरकतो. त्याने पाहिले, ओळखले नाही, किंवा ओळखून मनातल्या मनात नाकारले. ही चूक आळसाची नाही, त्यामुळे रागावून किंवा वेळ वाढवून ती जात नाही. ती फक्त एका उपायाने कमी होते: तशाच अनेक केसेस पाहणे आणि प्रत्येकीचे खरे उत्तर लगोलग कळणे.

लगोलग उत्तर मिळण्याला किती महत्त्व आहे, हे रिचर्ड लेव्हनसन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली अगदी वेगळ्या प्रयोगातून दाखवले. त्यांनी कबुतरांना स्तनाच्या ऊतींची सूक्ष्मदर्शी चित्रे आणि मॅमोग्राफीचे तुकडे दाखवले. चोच बरोबर जागी मारली की दाणा. काही आठवड्यांत कबुतरे चुन्याचे कण ओळखू लागली आणि नवी चित्रे दाखवली तरी ओळखत राहिली. गाठींचे मात्र तसे झाले नाही. शिकवलेली चित्रे त्यांनी पाठ केली, पण नवी गाठ आली की ती गोंधळली. या प्रयोगातून मी दोन गोष्टी घेतो. नजर घडवण्यासाठी प्रत्येक प्रयत्नाला ताबडतोब उत्तर मिळणे पुष्कळ काम करते. आणि जिथे नजर पुरत नाही, जिथे गाठ गाठीसारखी दिसत नाही, तिथे निव्वळ सरावाऐवजी कोणीतरी बाजूला बसून ‘हे का’ ते समजावून सांगावे लागते. आपल्या प्रशिक्षणात या दोन्हींची सरमिसळ होते. कठीण त्याच केसेस शिक्षकाबरोबर बसून पाहाव्यात आणि सोप्या शेकडोंनी एकट्याने, उत्तरासह उरकाव्यात, अशी वाटणी व्हायला हवी.

परीक्षेला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. पहिला आक्षेप असा, की ही परीक्षा म्हणजे प्रत्यक्ष काम नव्हे. संचात कॅन्सर भरपूर असतात, हे वाचकाला ठाऊक असते, त्यामुळे तो दबा धरून बसतो. रोजच्या कामात हजारात आठ-नऊ असतात. जेरेमी वुल्फ यांनी २००५ साली दाखवले, की शोधायची वस्तू क्वचितच येत असेल तर माणूस ती जास्त वेळा चुकवतो. पुढे त्यांनी कार्ला इव्हान्स आणि रॉबिन बर्डवेल यांच्यासह त्याच कॅन्सरच्या केसेस एकदा रोजच्या कामात मिसळून दिल्या आणि एकदा कॅन्सर भरपूर असलेल्या संचात. रोजच्या कामात शंभरात ३० सुटल्या, संचात १२. उलट डेव्हिड गुर यांच्या २००८च्या अभ्यासात डॉक्टर प्रयोगापेक्षा प्रत्यक्ष कामातच अधिक चांगले ठरले. तेव्हा परीक्षेतला आकडा उचलून ‘हा डॉक्टर एवढे कॅन्सर चुकवतो’ म्हणणे चूक आहे. पण यातून परीक्षा निरुपयोगी ठरत नाही. तिचा उपयोग मर्यादित ठरतो. ती डॉक्टरांची आपसातली तुलना आणि प्रत्येकाचा दुबळा कोपरा दाखवते. प्रत्यक्ष कामाचे मोजमाप वेगळे ठेवायला हवे: किती स्त्रियांना परत बोलावले, किती कॅन्सर सापडले आणि दोन तपासण्यांच्या मधल्या काळात किती जणींना कॅन्सर निघाला. या मधल्या काळातल्या केसेसच्या जुन्या प्रतिमा ब्रिटनमध्ये पुन्हा काढून पाहतात: तेव्हा खरोखर काही दिसत नव्हते, पुसट खूण होती, की दिसायलाच हवे होते? माझ्या मते सबंध व्यवस्थेतले सर्वांत मोलाचे शिक्षण याच टेबलावर होते.

दुसरा आक्षेप मानाचा आहे आणि तो आपल्याकडे अधिक जोराने येईल. विभागप्रमुखाने परीक्षेला बसायचे? गुण कमी पडले तर कनिष्ठांपुढे तोंड कसे दाखवायचे? उद्या ते गुण ग्राहक न्यायालयात गेले तर? ही भीती खरी आहे. गुण शिक्षेसाठी वापरले जाणार असतील, तर डॉक्टर प्रत्येकीला परत बोलावू लागतील, कारण तेच सर्वांत सुरक्षित. म्हणून व्यक्तीचे गुण त्या व्यक्तीला आणि मार्गदर्शन करणाऱ्याला, केंद्राचे आकडे मात्र सर्वांना, अशी रेषा आखावी लागेल. केंद्र कसे काम करते, ते जाणण्याचा हक्क तपासणीला येणाऱ्या स्त्रीला आहे. अमुक डॉक्टरला गेल्या सत्रात साठपैकी किती मिळाले, ते जाणून तिचा काही लाभ नाही.

मोजमापाने ब्रिटनमध्ये आणखी एक गोष्ट घडली. रेडिओलॉजिस्ट अपुरे पडत होते, म्हणून १९९०च्या दशकापासून रेडिओग्राफर, म्हणजे प्रतिमा घेणारे तंत्रज्ञ, प्रशिक्षण घेऊन त्या वाचूही लागले. पदवीच्या प्रतिष्ठेवर हा वाद सोडला असता, तर तो कधी मिटला नसता. पण परीक्षेचे आकडे समोर होते. यान चेन आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ‘परफॉर्म्स’चे ५५२ वाचक होते, त्यांत ३१५ रेडिओलॉजिस्ट, २०६ रेडिओग्राफर आणि ३१ स्तनरोगाचे इतर डॉक्टर. कोणाची नजर चांगली, हे तिथे मोजता येते, म्हणून दार उघडता येते. जिथे मोजत नाहीत, तिथे पदवी हीच नजर मानावी लागते.

मुंबईत याचा एक वेगळा पुरावा आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून चालवलेल्या प्रयोगात सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांच्या स्तनांची हाताने तपासणी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली, डॉक्टरांनी नाही. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली त्याचे निष्कर्ष मांडले: कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडू लागले आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयोगट एकत्र धरले तर फरक तितका ठाम नव्हता, हेही त्यांनी नोंदवले. तिथे बोटांना शिकवले होते. कौशल्य ठरवून शिकवले, तर ते पदवीच्या पायरीखालच्या माणसातही उतरते, हे या शहराने स्वतः सिद्ध केले आहे.

आणि तरीही आपल्या व्यवस्थेत प्रतिमा वाचणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. मॅमोग्राफीचे यंत्र बसवायचे तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. किरणांची मात्रा, दाब, प्रतिमेचा दर्जा ठरावीक काळाने तपासून घ्यावा लागतो. ते योग्यच आहे. पण त्या प्रतिमेवर जो ‘नॉर्मल’ लिहितो, त्याची तपासणी एमडीच्या स्पॉटर्स (प्रतिमा झटपट ओळखण्याची परीक्षा) आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) यांच्याबरोबर संपते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी चालू ठेवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात आणि ते परिषदांना हजेरी लावून मिळतात. व्याख्यान ऐकणे चांगलेच, पण सभागृहात बसलेल्याची नजर सुधारली की नाही, हे त्या गुणांना कळत नाही. त्यात आपल्याकडे देशव्यापी मॅमोग्राफी तपासणीच नाही. सरकारी धोरणात तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची हाताने तपासणी आहे. मॅमोग्राफी होते ती खासगी केंद्रांत, पॅकेजमध्ये, शिबिरांत, व्हॅनमध्ये. प्रतिमा एका गावात काढली जाते, वाचली दुसऱ्या शहरात जाते, बायोप्सी तिसऱ्या ठिकाणी होते. वाचणाऱ्याकडे उत्तर परत येण्याची एकही वाट नसते.

आपल्या स्त्रियांच्या बाबतीत काम आणखी अवघड आहे. भारतात स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी, चाळिशीतच, मोठ्या प्रमाणात दिसतो. तरुण स्तन दाट असतो; प्रतिमेत दाट ऊती पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच. साठीच्या इंग्रज स्त्रियांच्या प्रतिमांवर तयार झालेला संच आणून आपल्या डॉक्टरांना दिला, तर काही उपयोग होईल, पण जिथे आपण खरोखर चुकतो ते त्यात येणार नाही. ‘ग्लोबोकॅन’ या जागतिक कॅन्सर-आकडेवारीच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण होत्या. आपल्याकडे सिद्ध झालेल्या केसेस कमी नाहीत. त्यांतून एखादा संच बांधला जावा, असा आग्रह मात्र कोणी धरत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आता डॉक्टरच्या नजरेची चिंता कशाला, असे म्हणणारेही भेटतात. यान चेन यांच्या वर सांगितलेल्या अभ्यासात संगणकाची प्रणाली या वाचकांच्या बरोबरीने चालली, हे खरे. स्वीडनमधल्या मासाई चाचणीत अशा प्रणालीच्या मदतीने वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले आणि कॅन्सर कमी सापडले नाहीत, हेही खरे. पण संगणकाला जोखता आले ते ५५२ माणसांचे मोजमाप आधीच झालेले होते म्हणून. ज्याच्याकडे माणसांचीच मोजपट्टी नाही, तो विक्रेत्याच्या कागदावर विश्वास ठेवण्यापलीकडे काय करणार? दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. २०२३ सालीच थॉमस ड्राट्श आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत रेडिओलॉजिस्टना मुद्दाम काही ठिकाणी संगणकाचे म्हणून चुकीचे उत्तर दाखवले. नवखे तर फसलेच, पण अनेक वर्षांचा अनुभव असलेलेही त्या उत्तराकडे ओढले गेले. संगणकाला ‘नाही’ म्हणण्याची ताकद वेगळी शिकवावी लागणार आहे आणि ती आली की नाही, हेही मोजावे लागणार आहे.

हे काम आपल्याकडे करता येण्याजोगे आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ साली उभे राहिलेले ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ देशभरातील कॅन्सर केंद्रांना जोडते. बायोप्सी झालेल्या केसेस तिथे आहेत. खरी अडचण आहे ती निरोगी केसेसची. ‘काही नाही’ हे सिद्ध करायला त्याच स्त्रीची दोन-तीन वर्षांनी पुन्हा मॅमोग्राफी हवी आणि आपल्याकडे स्त्री परत येत नाही, आली तर दुसरीकडे जाते, जुन्या प्रतिमा घरातल्या कपाटात राहतात. म्हणून सुरुवात करायची तर ज्या मोजक्या केंद्रांत स्त्रिया वर्षानुवर्षे तपासणीला येतात, तिथून करावी. पहिला संच साठ केसेसचा असावा. निम्म्याहून अधिक स्त्रिया पन्नाशीच्या आतल्या, दाट स्तनांच्या. तो एमडी करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या प्राध्यापकांना एकाच दिवशी द्यावा. पहिली काही वर्षे त्या गुणांचा नोंदणीशी, नोकरीशी, बढतीशी कसलाही संबंध जोडू नये. मात्र क्रेडिट पॉइंट द्यावेत: परिषदेत खुर्चीवर बसण्याला जितके मिळतात, त्याहून जास्त.